उतारा

पोत्यावर नाव नसतं, नंबर असतो.
चारशे सतरा.
मी बीट धुते, सुटलेली माती वेगळी तोलते,
करवतीखाली धरते, लगदा होतो,
यंत्र आकडा सांगतं : सतरा पूर्णांक नऊ.
मामा सांगलीकडे कारखान्यात केमिस्ट होते,
जेवताना आमटीचाही उतारा सांगायचे.
इथे मिनेसोटात हा शब्द कुणाला ठाऊक नाही,
आणि जमीन अशी सपाट
की पाण्यालाही विचारावं लागतं, कुठे जाऊ.
नदी उत्तरेला जाते. बर्फाकडे.

ऑक्टोबर लागतो त्या मध्यरात्री ट्रक सुटतात,
दिव्यांची रांग पार क्षितिजापर्यंत.
थंडी हवी, उबेत ढीग आतून कुजतो.
गोठवणारी नको.
एवढ्याशा फटीतून
एका माणसाने अख्खं वर्ष ओढून काढायचं.

मंगळवारी ऊन, काटा बंद.
बुधवारी ऊन, काटा बंद.
गुरुवारी पाऊस, शुक्रवारी पाऊस,
चाकं आसापर्यंत चिखलात.
शनिवारी पहाटे उणे नऊ.
त्यानंतर माझ्या टेबलावर आलं ते बीट
सकाळी काचेसारखं,
दुपारी बोटांना तार सुटणारं, डिंकासारखी.
मग चारशे सतराची पोती यायची थांबली.

नोव्हेंबरात चर्चच्या तळघरात
सूप वाढत होता तो. आर्विड टोर्गरसन.
"तू लॅबमधली ना? माझं किती भरलं होतं?"
मी आकडा सांगितला.
"बरं की," म्हणाला,
शेजाऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकावेत तसा.
दोनशे दहा एकर अजून जमिनीतच होते.

कारखाना सभासदांचा. तोही सभासद.
शेअरमागे एकर ठरलेले,
आणि न आणलेल्या एकराचा भुर्दंडही ठरलेला,
कारण बॉयलर पेटतोच, पगार निघतातच.
पत्राची सुरुवात : प्रिय मालक.
"मीच मला बिल पाठवलंय," आर्विड म्हणाला,
"नियमाच्या बाजूने हात वर केला होता मी.
दुसऱ्या रांगेत बसलो होतो.
नियम बरोबरच आहे.
सूप घे, गार होतंय."

शेअर विकायचे तर यंदा घेणार कोण,
हे त्याची बायको लॉर्ना म्हणाली,
पाव कापता कापता, कुणाकडेही न बघता.

एप्रिल संपताना मी त्या रस्त्याने गेले.
काच वर होती तरी वास आत आला,
इडलीचं पीठ तीन दिवस विसरावं तसा.
शेतभर रानहंस, चोची काळ्या चिखलात,
कुणाचं काय बुडालं याची त्यांना दाद ना फिर्याद.
मी उतरले. बांध नाहीच इथे, नुसता चर.
एक तुकडा उचलला,
सवयीने जिभेला लावला.
तेरा असेल. बारा.

दूरवर पेरणीयंत्र थांबलं.
आर्विडने टोपी काढून हलवली,
बहुधा मला विम्यावाली समजून.