मेंढीची किंमत

एल आल्तोच्या चढावर, पहाटे चारला
तेओदोसिया जांभळ्या मक्याचं आपी ढवळते आहे.
रात्री संसदेत हात वर झाले,
अध्यक्ष गेला. फटाके फुटले, कुत्री पलंगाखाली.

"झालं ना आता समाधान?" मिनीबसवाला विचारतो,
"खुर्ची गेली, अब्रू गेली. आणखी काय हवं?"

ती पेला भरते. काठोकाठ नाही.

"माझ्या जावयानं पठारावर मेंढी चिरडली एकदा.
पोलिसांनी लायसन काढून घेतलं,
तरी गावसभेनं सोडलं नाही.
चार तास थंडीत उभा केला,
मेंढीचं नाव विचारलं.
त्याला ठाऊक नव्हतं. मालकिणीनं सांगितलं.
मग किंमत ठरली."

वाफ तिच्या हॅटच्या कडेला अडते.
विल्फ्रेदोच्या स्वेटरला ते भोक अजून आहे.
रफू तिला येतं,
केलेलं नाही.

"कोर्टात उभा करा त्याला.
नाव विचारा. आधी एवढंच."

मिनीबसवाला सुटे पैसे मोजतो, उगाच दोनदा.
"आणि त्याला मत कुणी दिलं होतं, मावशी?"

"मी. दोन्ही वेळा.
माझी साक्ष पहिली घ्या.
आणि पेला दे इकडे,
मागं माणसं खोळंबलीत."