किल्ली माझ्याकडे असते

सदरबझारातल्या जुन्या गोऱ्या कबरस्तानाची
किल्ली माझ्याकडे असते.
पगार नाही. पाळकसाहेब म्हणाले,
रणपिसे, तुम्ही रिटायर झालात, घरही जवळ आहे.
तेव्हापासून असते.

लोक फारसे येत नाहीत.
म्हशी येतात, चेंडू येतो, चेंडूमागून पोरं.
मार्चमध्ये मोरीनबाई आल्या,
ग्रीनॉकच्या.
कुठं आलं ते, मी विचारलं.
स्कॉटलंडात, म्हणाल्या, पण आम्ही मूळचे तिथले नाही.
पाच पिढ्या तिथं काढून
तिथले नाही.

वहीत सगळं लिहून आणलेलं.
डोनेगल नावाचा आयर्लंडातला मुलूख,
बटाटा जमिनीतच काळा पडून नासलेला,
बाप दोन पोरं घेऊन बोटीत बसला, गुरांना लागून,
पलीकडे उतरला आणि साखर कारखान्यात लागला.
साखर कारखाना?
मी म्हटलं, बाई, मग तुम्ही आमच्याच की.
थोरला तिथंच खपला भट्टीपाशी, बाई त्याच्या वंशातल्या.
धाकटा टॉमस पलटणीत गेला
आणि इथं, साताऱ्यात, पटकीनं मेला.
अठराशे एकोणसत्तर.

आडनाव दर कागदावर वेगळं.
डोहर्टी, डॉगर्टी, डॉकर्टी,
लिहिणाऱ्याच्या कानाला लागेल तसं.
सहीच्या जागी फुली.
त्या फुलीवर बोट ठेवून म्हणाल्या,
एवढंच त्याच्या हातचं.

दोन दिवस शोधलं.
माझ्याकडे खुरपं, त्यांच्याकडे दात घासायचा ब्रश.
घाणेरी उपटून हात सोलवटले.
दगडावर पाणी ओतलं की अक्षरं वर येतात,
वाळली की जातात, एवढी युक्ती मला ठाऊक.
आधी टॉम दिसलं. मग शेवटचं र्टी.
मधलं दगडासकट गेलेलं.
हाच, बाई म्हणाल्या.
मी काही बोललो नाही.
त्या साली इथं बरेच टॉम मेले होते.

चहाला घरी आणलं.
हिनं बटाट्याच्या काचऱ्या केलेल्या,
पुसेगावचा बटाटा, गोड असतो, म्हणाली.
बाईंनी एक फोड उलटून पाहिली, मग खाल्ली.
मग विचारलं:
तुमचे लोक कुठले?

शेजारी जाधवांकडे
तीन-चार वर्षांनी हेळवी येतो.
पूर्वी बैलावर यायचा, आता मोटरसायकलवर,
घंटा तीच.
ओट्यावर मांडी घालून वाचत सुटतो,
मूळ गाव, देवक, अमक्याचा तमका,
तमक्याला तिघे, मधला निपुत्रिक.
भिंतीच्या अलीकडून
मला जाधवांच्या सोळा पिढ्या पाठ आहेत.

आमचा आजा शहाण्णवच्या दुष्काळात
माणातून चालत आला, आठ वर्षांचा,
बहिणीचा हात धरून.
बहीण कुठं सुटली ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.
मिशनच्या रजिस्टरात: सटवा, बाप मयत.
गावाच्या रकान्यात शाईचा डाग.
पुढच्या पानावर तोच पोरगा शिमोन.
रणपिसे कुणी लावलं, कोण जाणे.
कुणी म्हणतं आम्ही म्हसवडकडचे,
कुणी दहिवडीच्या पुढचे.

बापानं एकदा हेळव्याला वाटेत अडवलं होतं.
त्यानं वही सोडलीसुद्धा नाही.
गाव सांगा, म्हणाला,
गावावाचून दोरा कुठनं धरू?
बाप त्याला पायलीभर ज्वारी घालून
घरात आला.

मोरीनबाई ऐकत होत्या, लिहीत होत्या.
सटवा हे नाव त्यांनी तीनदा लिहिलं,
तिन्ही वेळा वेगळं.
मी सुधारणार होतो.
मग म्हटलं, राहू दे,
आपल्यालाही ते ऐकूनच माहीत.