नववा गुरुवार

नळी काढली तेव्हा नर्स म्हणाली, "आता तुमचं तुम्ही."
माझं मी?
बस कुओपिओच्या चौकात पोचायच्या आत
पँटनं सगळ्यांना सांगून टाकलं.

गाठ वाढली होती, खरवडून काढली.
वर्षभर थेंबासाठी उभा राहायचो रात्र-रात्र;
आता उभं राहायचीच भीती.

रीका शिकवते. माझ्या नातीएवढी.
"लिफ्ट समजा, उर्पो. वर घ्या. थांबवा. आता सावकाश खाली."
बटाटे सोलताना मी लिफ्ट चालवतो,
टीव्हीवर मंत्री बोलत असतो तेव्हाही.
चेहरा दगडाचा.
लिफ्ट बहुतेक वेळा तळघरातच.

गुरुवारी तळ्याकाठी सॉना.
तिथे अंगावर काहीच नसतं,
मग पॅड कुठं लपवणार?
गुडघा दुखतोय म्हणालो.
आठ गुरुवार दुखला गुडघा.

ओस्मोनं काही विचारलं नाही.
एकदा दाराशी धुरावलेला मासा ठेवून गेला,
कागदात गुंडाळलेला,
आणि त्याखाली पॅडचा पुडा,
फोडलेला, निम्मा संपलेला.
चाळीस वर्षं शेजारी बसतोय त्याच्या!

नवव्या गुरुवारी गेलो.
त्यानं तापल्या दगडांवर पाणी ओतलं
आणि तोच जुना, सांबराचा विनोद सांगितला.
मी हसलो. पोट धरून.
मग मांड्या आवळून गप्प.
वाट पाहिली.

घाम होता. नुसता घाम.

ओस्मो बाकावर जरा सरकला.

परतताना, बर्फात किल्ली चाचपताना,
दोन थेंब.
दोनच. मोजले.