दर्यात भोक

डफळापुरात हौसाआत्याची गिरणी आहे.
दळण थांबलं की ती पट्टा उतरवते आणि विचारते,
"म्हैपत्या, दर्यात भोक पाडता,
मग दर्या त्यात उतरत न्हाय व्हय?"

चौदा दिवस पाण्यावर, चौदा जमिनीवर.
अकरा वर्षांत घरात कुणी हे विचारलं नव्हतं.
पगार विचारला. हेलिकॉप्टर विचारलं.

मी पोत्यावर बसतो,
डब्यातल्या गव्हात चार बोटं उभी रोवतो.
हे पाय, चार ताड पाण्याखाली तळात ठोकलेले.
मधून नळी, नळीत नळी,
भोवती सिमेंट ओतून फट बंद.
दर्या बाहेरच राहतो आत्या,
उंबऱ्याबाहेर चपला राहाव्यात तसा.

टोकाला तीन दातेरी चाकं, दगड खात उतरतात.
नळीतून चिखल सोडायचा,
तो बाजूनं वर येतो, चुरा घेऊन.
त्या चिखलाचं वजन माझ्याकडे.
हलका पडला तर खालचा वायू उसळतो,
जड झाला तर दगड फाटतो
आणि चिखल पिऊन टाकतो.
वर आला की चाळणीवर...

"चाळणी हाय?" आत्या पुढं सरकते.
आहे. सारखी थरथरणारी.
उरलेला चुरा मी तळहातावर घेतो :
दोन हजार मीटर खालची चुनखडी,
उजेड पहिल्यांदाच बघतेय.

"आन् तेल? तळं असंल खाली."
तळं नाही गं. ओला दगड,
नव्या माठासारखा.
वर आलं की टाकीत निवळतं,
पाणी तळाला, तेल मधी, वायू वर.

"त्यो कुठं जातो?"
बराचसा पाइपातून किनाऱ्याला.
उरलेला लांब दांड्याच्या टोकाला जळतो, रात्रंदिवस.
रात्रपाळीला माझा घाम केशरी दिसतो.

आत्या गप्प.
निखारा राखेत पुरून सकाळपर्यंत पुरवणारी बाई.
"इझवत न्हाई कदी?"
विझला तर वायू पसरंल. मग सगळंच पेटंल.

"म्हंजी पेटू ने म्हणून जाळायचं,"
ती स्वतःशीच म्हणते,
इंजिनाच्या टाकीत बोट बुडवून नाकाशी नेते.
"ह्यात तुजं किती असंल?"

सांगता येत नाही.
तेवढ्यात गिऱ्हाईक येतं, शाळूचं दळण.
पट्टा चढतो, फरशी थरथरते,
तीच थरथर, तळपायातून वर,
फक्त इथं पीठ पडतं, गरम,
आणि इंजिनाच्या वरताण आत्या ओरडते,
ऊठ की पोत्यावरनं!
खायाचा जोंधळा हाय त्यो.