पृष्ठ ०० पाहा

आयुष्यभर मी बर्फ उडवणाऱ्या यंत्रांच्या
माहितीपुस्तिका तपासल्या.
तिथे एक ‘नका’ गळला
तर कुणाचं तरी बोट जातं.
म्हणून ऑरिनने विचारलं, खेळाचं पुस्तक बघशील का,
तेव्हा हसूच आलं.
खेळात काय जातं?

खोकं आलं. तीनशे बारा पानं,
चौऱ्याण्णव साली गॅरेजात छापलेली.
जुन्या कातड्याच्या चित्रावर राखाडी अक्षरं,
मथळे इतके नक्षीदार
की ‘विष’ वाचावं आणि निघावी ‘वीज’.
कट्यार एक्केचाळीसव्या पानावर दोन नाण्यांना,
एकशे सत्त्याऐंशीव्यावर वीस.
जखमांचा तक्ता मधोमध चिरलेला:
अर्धी जखम इथे,
उरलेली पान उलटल्यावर.
सूची नाही.
‘करू शकतो’ आणि ‘केलंच पाहिजे’
एका परिच्छेदात जावा-जावांसारखे राहतात,
अबोला धरून.

आणि पान शहाण्णव, चौकटीत, ठळक:
‘थंड पाण्यात पडल्यास पृष्ठ ०० पाहा.’

पाहिलं.
कव्हर उलटून, पुठ्ठ्याच्या आतून,
कोरं पान दिव्यासमोर धरून.
आकडा नंतर घालू म्हणून
कुणीतरी दोन शून्यं मांडून ठेवली होती
आणि ते ‘नंतर’
तीस वर्षं उगवलंच नाही.

ऑरिन म्हणाला, डलूथला जा,
चढावरच्या चर्चच्या तळघरात
दर गुरुवारी अजून खेळतात.

गेले. मार्चचा महिना, सरोवर काठाशी गोठलेलं.
तळघरात सहा जण, थर्मास, खारट काड्यांचा वाडगा,
वीस बाजूंचा एक फासा
ज्याच्यावरचा सात झिजून एक झालाय
(हे सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही).
पुस्तकाचा कणा निळ्या चिकटपट्टीने बांधलेला.
ग्रेटा ल्यूंडस्ट्रम खेळ चालवत होती,
दिवसा दातांच्या दवाखान्यात नावं पुकारते,
तोच आवाज.

साडेआठला कुणाचा तरी तिरंदाज
पुलावरून काळ्या पाण्यात पडला.
‘शून्य-शून्य,’ सगळे म्हणाले,
गावाचं नाव घ्यावं तसं,
आणि मागचा पुठ्ठा उघडला.
आत पेन्सिलीने:

पहिला श्वास आपोआप आत जातो. फासा टाका.
मग बोटं जातात. हातातलं सगळं टाका.
मग कुणीतरी हात द्यावा लागतो. द्या.

‘कुणी लिहिलं?’
टोकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने
कानातलं यंत्र नीट केलं.
टोइवो केट्टुनेन. अठ्ठावीस वर्षं
लोखंडाच्या मातीच्या बोटींवर.
‘पुस्तकात नव्हतं,’ तो म्हणाला,
‘मला ठाऊक होतं.’
आणि काडी मोडून खाल्ली.

रात्री मोटेलात लाल पेन उघडून बसले.
‘लागतो’च्या जागी दुसरं काही?
दोनदा ‘टाका’ खटकतं का?
एकही विशेषण नाही, मग काढू काय?
तीनशे बारा पानांत
एवढीच तीन वाक्यं
अशी होती की ज्यांच्यावर
माझ्या यंत्राचं पातं चालत नव्हतं.
टोपण लावलं. झोपले.

नवी आवृत्ती ऑक्टोबरात.
पांढऱ्यावर काळं, बस.
अकरा पानांची सूची.
कट्यार दोन नाण्यांना, कुठेही घ्या.
जखम अख्खी, एका पानावर.
थंड पाणी: पृष्ठ १४३.

गुरुवारी प्रत घेऊन गेले.
तिघांनी कागदाचा वास घेतला,
ग्रेटाने सूचीत ‘घोडा’ शोधला, सापडला,
तिने पुन्हा शोधला, नुसत्या आनंदाने.
पण एकशे त्रेचाळीस म्हणायला
कुणाचीच जीभ वळेना.
‘शून्य-शून्य’च म्हणत राहिले
आणि उघडायचे एकशे त्रेचाळीस.

टोइवो मात्र पहिल्याच पानांत अडकलेला,
चश्मा कपाळावर, नाक कागदाला.
मग त्याने एका ओळीवर बोट ठेवलं.

संपादन: मार्लिस हॉगगेन.

एक ‘ग’ जास्त.
डोळ्यांत तेल घालून चार वेळा वाचलेलं पुस्तक,
आणि स्वतःचं नाव
मी वाचलंच नव्हतं.

टेबल शांत.
त्याने खिशातला चाकू काढला,
पेन्सिलीला सावकाश टोक केलं,
भुगा थर्मासच्या झाकणात झटकला
आणि पेन्सिल माझ्याकडे सरकवली.