चाळीस लिटरची टाकी

नकाशा चादरीवर पसरलाय,
म्हणून फ्रान्सच्या खालून मोर डोकावतात,
आमच्याच मागावर विणलेले, चोच जरा वाकडी.
रात्रीचे साडेदहा. गच्चीची फरशी अजून तापलेली.
वरलक्ष्मी, माझी धाकटी जाऊ,
पालथी पडून बोटानं रस्ते शोधते.
जाड लाल नको. पिवळाही नको.
पांढरा, बारीक, जवळपास पुसलेला, तो धरायचा.
"दिवसाला साठ किलोमीटर, अक्का. जास्त नाही."
साठ म्हणजे अक्कलकोट गाठून
निम्म्या वाटेनं परत.
एवढ्यासाठी विमानात बसायचं का,
म्हणाले घरातले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

पैसे मागांचे आहेत.
आठ माग. मार्चमध्ये कापून नेले,
किलोच्या भावानं.
भंगारवाला काट्याकडे बघत होता,
वरलक्ष्मी भंगारवाल्याकडे,
मी जमिनीवर उरलेल्या तेलाच्या डागांकडे.
त्या रात्री घरात कुणाचाच डोळा लागला नाही.
खटक-खटकवर डोकं ठेवून झोपायची सवय,
अन् कुणीतरी उशीच काढून घेतली.
माझ्या डाव्या कानात एक माग अजून चालतो.
तो विकता आला नाही.

त्यानंतरच तिनं हे काढलं.
"कुठंतरी शांत बघून येऊ.
ही इथली शांतता नव्हे, अक्का,
हे नुसतं बंद पडणं आहे."

गाडी भाड्याची, मागं चाकांवरचं घर जोडलेलं.
अकरा वर्षं तिनं टॉवेलच्या गठ्ठ्यांचा टेम्पो चालवला,
मागं ओझं असलं की हात सरळ राहतो, म्हणते.
माहितीपुस्तकात एक चौकट आहे, इशारा म्हणून:
टाकी फक्त चाळीस लिटरची, पाणी जपून वापरा.
आम्ही हसत सुटलो.
खाली दीर उठून बसले असतील.
चार दिवसांआड नळ येतो आमच्याकडे, तोही रात्री दोनला,
चाळीस लिटरमध्ये दोघींची अंघोळ, भांडी,
आणि पाहुणा आलाच तर त्याचे पाय.

कडक भाकरी साठ. महिनाभर काही होत नाही तिला.
शेंगाचटणी दोन डबे, चहाची पूड, माझ्या गोळ्या.
तिथला पाव म्हणे हाताएवढा लांब आणि कडक.
कडकपणाचं आम्हाला कोण सांगणार.
दुपारी बारा ते दोन गावंच्या गावं दारं लावून जेवतात,
हे वाचून मला ती माणसं बरी वाटली.
मुक्काम कालव्याकाठी. एका जागी दोन रात्री.
व्हिसाची तारीख अजून आलेली नाही.

जूनमध्ये तिथं रात्री दहापर्यंत उजेड असतो,
असं ती म्हणाली, तेव्हा मात्र मी घाबरले.
एवढ्या उजेडात, हाताला काम नसताना,
काय करायचं असतं?
"बसायचं."
आणि?
"बसायचं, अक्का. खुर्च्या दोन मिळतात, भाड्यातच."

तिथं रस्त्याच्या उजवीकडून चालवतात.
म्हणून काल रिकाम्या शेडमध्ये तिनं खडूनं
रस्ता आखला, एक चौक, एक गोल वळसा.
ती पुढं, तोंडानं गिअर टाकत,
मी मागचं घर,
तिच्या पदराचं टोक धरून.
"वळायलोय बघ," ती ओरडायची,
"तू जरा उशिरा वळ, घर उशिरा वळतं."
दोनदा मी भिंतीला घासले.
तिसऱ्यांदा जमलं.
एका तेलाच्या डागाशी ती थांबली,
हँडब्रेक ओढला,
म्हणाली, "इथं मुक्काम."
आम्ही खाली बसलो.
कानातला माग चालूच होता, मी त्याला काही बोलले नाही.
जमीन गार होती.