अर्ध्याखाली

उरवाई दरवाज्याच्या चढावर ती पुन्हा बसली.
बसली म्हणजे म्हैस बसते तशी,
आधी एक धाप, मग दुसरी, मग काहीच नाही.
दोन हजार तीनची सफारी, एकेकाळी हिरवी.
मागे हॉर्न, वर किल्ला, शेजारी दिगंबर:
विकून टाकू.

बॉनेट उघडायचं. फिल्टरवरचा हातपंप
अंगठ्याने दाबत राहायचं, वीस, तीस, पस्तीस.
मऊ लागतो तोवर आत हवा,
कडक झाला की डिझेल आलं.
मग ती सुरू होते, पांढऱ्या धुराआड
जरा ओशाळल्यासारखी.

फिल्टर बदलला. फीड पंप बदलला.
नोझल उतरवून झाशी रोडला तपासून आणले.
एकाने डिझेलला शिव्या दिल्या, एकाने जानेवारीला,
एकाने माझ्याकडे न बघता विचारलं,
"गाड़ी चलाता कौन है?"

मी चालवते.
चौतीस वर्षं एजी ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
म्हणून गाडीच्या खणात एक वही आहे:
तारीख, किलोमीटर, काटा कुठे, बसली कुठे.
शेवटचा रकाना, 'कारण',
दीड वर्षं कोरा.

हजिऱ्याचा लाखन कुशवाह गाडीखाली सरकला,
टाकीपासून पुढे सगळी नळी कापसाने पुसत आला.
कापूस कोरडा.
मग फिल्टरच्या अलीकडे त्याने
वीतभर पारदर्शक नळी जोडली. म्हणाला, चालू करा.
पिवळसर डिझेल धावत होतं
आणि त्यात बुडबुडे, भिजल्या साबुदाण्यासारखे,
एकामागे एक, अगदी घाई नसलेले.

"टपकेगा नहीं, मैडम. ये खींचने वाली लाइन है.
छेद होगा तो हवा पिएगी."

मी तिथेच एका टायरवर बसले.
आयुष्यभर गळती शोधली मी,
कुठून झिरपलं, कोणाच्या खिशात गेलं.
नोंद न होता आत काय येतंय
हे मला कोणी विचारलं नव्हतं,
मीही कोणाला नाही.

हवा येते कुठून, ते मात्र वहीने सांगितलं.
लाखन काळं बोट फिरवत गेला, पानावर डाग पाडत:
काटा पावावर, बसली. पावाच्या खाली, बसली.
पाचशेचं डिझेल, पाचशेचं, पुन्हा पाचशेचं,
जणू दिगंबरची सहीच.
एकदाच टाकी भरलेली, शाल्मलीच्या साखरपुड्याला,
व्याह्यांसमोर पंपावर थांबायला नको म्हणून.
दतियाला जाऊन परत, दीडशे किलोमीटर,
एक धाप नाही.

टाकीतली ओढनळी बाहेर काढली.
एक टोक अंगठ्याने बंद,
पाण्याच्या घमेल्यात बुडवून लाखनने दुसरीकडून फुंकली.
बरोबर मध्यावर, गंजाच्या ठिपक्यातून
सुईच्या अग्राएवढं काहीतरी फुटलं, वर आलं.

टाकी भरलेली असली तर छिद्र बुडालेलं,
त्यातूनही डिझेलच जाणार.
अर्ध्याखाली गेली की ते उघडं.
आणि ते कायम उघडं राहील
याची काळजी आमच्या घरात नियमित घेतली जात होती.

मी हे दिगंबरला समजावून सांगितलं.
बशीतला चहा संपवून तो म्हणाला,
"म्हणजे दोष गाडीचाच ना?"
हो म्हणाले. काय म्हणणार.

पितळेची झाळ, दोनशे ऐंशी रुपये.
पंपावर मी म्हणाले, फुल.
"आता कशाला? आता तर पाचशेतही चढेल."

चढली.
काटा पावाच्या खाली,
कड्यातले तीर्थंकर उभे होते तसेच,
त्यांच्या पायांशी मी सवयीने कान टवकारले,
पण इंजिन आपलं बोलतच राहिलं.

वर गाडी लावून वही काढली.
रकाना मी फारच अरुंद आखला होता.
लिहिलं: हवा.
दिगंबर खांद्यावरून वाकून बघत होता.
"दोनशे ऐंशीपण लिही," म्हणाला.